पहाऱ्याची ऊब : गोठवणाऱ्या थंडीत डोळा उघडा ठेवण्याचा इतिहास

१/
१९६५ सालचा शरद ऋतू. गढवाल हिमालयात नंदादेवीच्या उतारावर एक गुप्त मोहीम चढत होती. सामानात एक ओझे असे होते की ते आपल्या पाठीवर यावे म्हणून शेर्पांमध्ये चढाओढ लागे. कारण अगदी साधे होते : ते ओझे उबदार होते. हाडे गोठवणाऱ्या वाऱ्यात पाठीला शेक मिळत असे. त्या ओझ्यात प्लुटोनियम होते. ते पाठीवर घेणे म्हणजे काय, हे वाहणाऱ्यांना कोणी नीट समजावून सांगितले नव्हते.

२/
हे प्लुटोनियम बॉम्बसाठी नव्हते. एका टेहळणी यंत्राला अखंड वीज मिळावी, एवढ्यासाठी ते वर नेले जात होते. यंत्राने माणसांवाचून, उघड्यावर, उणे तापमानात पाळत ठेवत राहावे यासाठी माणूस किती टोकाला जातो, याचा हा दाखला. आजचा धागा त्याच प्रश्नाविषयी आहे. कडाक्याच्या थंडीत पहाऱ्याचा डोळा उघडा कसा ठेवला गेला? त्याला ऊब कोठून मिळाली? आणि त्या उबेची किंमत कोणी मोजली?

३/
आधी थोडे विज्ञान. आमच्या मंगळवेढ्याच्या चौकात खांबावर लावलेल्या कॅमेऱ्याचे शत्रू म्हणजे एप्रिल-मेचे ऊन, काळ्या रानातून उडणारी धूळ आणि पावसाळी ओल. तोच कॅमेरा लडाखमधील द्रासला टांगला, तर तो पहिल्याच हिवाळ्यात बंद पडण्याचा संभव अधिक. थंडीने त्याची ‘नजर’ जाते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात प्रकाश टिपणारी संवेदक पट्टी थंडीत अधिक स्वच्छ चित्र देते, कारण उष्णतेमुळे तिच्यात निर्माण होणारे खोटे संकेत कमी होतात. थंडीत नजर शाबूत राहते. खचतो तो नजरेचा आधार.

४/
हा आधार चार ठिकाणी खचतो. एक, बॅटरी : आतील रासायनिक क्रिया मंदावते. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भारलेली असेल तर तिच्यातील द्रव उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. पण ती रिकामी होत आली की आम्ल पातळ होते आणि उणे १० अंशांच्या आसपासच गोठून कवच फोडते. दोन, वंगण : ते मेणासारखे घट्ट होते आणि फिरणारे भाग अडकतात. तीन, तारांचे वेष्टन : साधे प्लास्टिक कडक होते व वाकवताच तडकते. चार, ओल : कॅमेऱ्याच्या पेटीत राहून गेलेली वाफ काचेच्या आतल्या बाजूस दव होऊन बसते आणि तिथेच गोठते.

५/
कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी माणूसच पहाऱ्याचे यंत्र होता, आणि त्याचीही अडचण हीच होती. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीची. भौगोलिक मानांकन मिळालेले हे पीक (२०१६) कणसात येते ते ऐन थंडीत. म्हणजे राखणीचे दिवस नेमके गारठ्याचे. दिवसा पाखरे हाकायची, रात्री जनावरे. चार मेढींवर उभारलेला माळा म्हणजे टेहळणीचा मनोरा. गोफण, डबा आणि आरोळी ही त्याची साधने. या साऱ्याला रात्रभर जागते ठेवणारी वस्तू मात्र एकच : घोंगडी.

६/
घोंगडी हे थंडीतील पहाऱ्याचे पहिले ‘कवच’ म्हणता येईल. दख्खनी मेंढीची लोकर. धनगरांनी कातरलेली, सणगरांनी विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. लोकर ओल शोषते, तरी अंगाला गार लागत नाही. तंतूंमध्ये अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवू या. घोंगडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब राखणदाराच्या देहाची असते. घोंगडी ती केवळ धरून ठेवते. कवच आणि ऊब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढील सगळा इतिहास या भेदावर उभा आहे.

७/
रानाबाहेर गावाचाही पहारा होता. गावाभोवती गावकूस, तिला वेस, वेशीवर रात्री येसकर. येसकरकी महारांकडे असे. हाती काठी, खांद्यावर घोंगडी ही त्याची ओळख. गावात कोण आले, कोण गेले, याची पहिली खबर त्याच्याकडे. ज्याच्या भरवशावर गाव निजे, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर. नजर गावाची, गारठा मात्र येसकराचा, अशी ती वाटणी होती.

८/
मंगळवेढ्याला या वाटणीची एक ठळक खूण इतिहासात उरली आहे. शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८. गावकुसाच्या बांधकामावर महार मजूर राबत होते. कूस ढासळली आणि त्यांतील काही जण ढिगाऱ्याखाली सापडून मेले. त्यांत संत चोखामेळा होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास नेल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. गावाच्या संरक्षणाची भिंत तिच्या आत राहण्याचा अधिकार नसलेल्यांच्या अंगावर कोसळली. हा प्रसंग मनात ठेवून पुढे जाऊ. संरक्षण कोणाचे आणि जोखीम कोणाची, हा प्रश्न पुन्हा येणार आहे.

९/
आता कॅमेऱ्याकडे. अतिशीत हवेत कॅमेरा कसा जपावा, याचा पहिला पद्धतशीर धडा अंटार्क्टिकात गिरवला गेला. रॉबर्ट स्कॉटच्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेत (१९१०-१३) हर्बर्ट पाँटिंग हा व्यावसायिक छायाचित्रकार होता. चलच्चित्र कॅमेऱ्यातील तेल त्याने काढून टाकले आणि त्याऐवजी ग्रॅफाइटची पूड वापरली. कारण तेल गोठते, ग्रॅफाइट गोठत नाही. उघड्या बोटांनी धातूला हात लावला की भाजल्यासारखी जखम होई. एकदा दृश्य जुळवताना ओठ ओले करण्याच्या नादात त्याच्या जिभेचे टोक कॅमेऱ्याच्या धातूला लागले आणि जागीच चिकटले. हिसका देऊन सोडवताना टोकाची कातडी धातूवरच राहिली.

१०/
पाँटिंगला उमगलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र उलटी वाटणारी आहे. थंडीतून आणलेला कॅमेरा उबदार खोलीत नेऊ नये! आतील दमट हवा थंड भिंगावर लागताच दव धरते. तो कॅमेरा पुन्हा बाहेर नेला की त्या दवाचे बर्फ होते. म्हणून कॅमेरे थंडीतच ठेवणे सोयीचे. थंडीहून अधिक घातक ठरते ती गरम-गार अशी ये-जा. आजही हिमालयात जाणारे छायाचित्रकार तंबूत शिरण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालतात. दव पिशवीवर बसते, भिंगावर नाही. हा शहाणपणा शंभर वर्षे जुना आहे.

११/
थंडीचा दुसरा चेहराही याच मोहिमेत दिसला. जानेवारी १९१२ मध्ये स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावर पोहोचली. अमुंडसेन आधीच येऊन गेला होता. हेन्री बॉवर्सने दोरी ओढून कॅमेऱ्याची झडप उघडली आणि पाचही जणांचे चित्र घेतले. परतीच्या वाटेवर ते सारे मरण पावले. स्कॉटची अखेरची नोंद २९ मार्चची. तंबू सापडला तो १२ नोव्हेंबरला. मृतदेहांजवळची फिल्म साडेसात महिने गोठलेली होती. तळावर धुतल्यावर चित्रे उमटली. थंडीने माणसे नेली आणि त्यांची प्रतिमा मात्र जपून ठेवली.

१२/
पाँटिंगचा कॅमेरा माणसाच्या हातात होता. पाळतीच्या कॅमेऱ्याला माणूस जवळ नसतानाही काम करायचे असते. या वाटेवरचे एक पाऊल आपल्याकडे पडले. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांताच्या जंगलात पायवाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागताच वाघ स्वतःच आपले चित्र काढून घेई. त्याचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे रॉकेटचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून वाल्टर ब्रुख याने बंदिस्त दूरचित्रवाणी उभारली; सीसीटीव्हीच्या इतिहासाचा आरंभ बहुधा तेथून धरतात. डोळा एकीकडे आणि पाहणारा दुसरीकडे, ही ती नवी रचना.

१३/
डोळा एकटा पडला आणि ऊब हा खरा प्रश्न झाला. राखणदाराजवळ देहाची ऊब असते. यंत्राजवळ ती नसते. यंत्राला घोंगडी पांघरली तरी आत धरून ठेवायला काही हवे. येथून आपण पुन्हा नंदादेवीकडे वळतो.

१४/
१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिली अणुचाचणी केली. चिनी क्षेपणास्त्र चाचण्यांचे संकेत पकडणारे यंत्र हिमालयाच्या उंच शिखरावर बसवावे, असे अमेरिकेच्या आणि भारताच्या गुप्तचर यंत्रणांनी ठरवले. हा कॅमेरा नव्हता, कान होता. पण अडचण तीच. वर्षभर माणूस जाऊ शकणार नाही अशा जागी वीज कोठून आणायची? बॅटऱ्या थंडीत मरतात, इंधन पोहोचवता येत नाही. म्हणून प्लुटोनियमच्या क्षयातून निघणाऱ्या उष्णतेवर चालणारा जनित्र-संच निवडला गेला. त्यात सात कुप्या होत्या. वीज आणि ऊब, दोन्ही एकाच पेटीत.

१५/
भारतीय गिर्यारोहकांचे नेतृत्व मनमोहनसिंग कोहली यांच्याकडे होते. त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली नऊ भारतीयांनी एव्हरेस्ट सर केले होते. ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीवर, शिखर आवाक्यात असताना, ऑक्टोबरमध्ये हिमवादळ आले. माणसे वाचवायची तर ओझे सोडणे भाग होते. यंत्र आणि जनित्र चौथ्या तळाजवळ खडकाला बांधून सगळे खाली उतरले. १९६६च्या वसंतात परत जाऊन पाहिले, तर तेथे काहीच नव्हते. हिमस्खलनाने सारे ओढून नेले होते. पुढील शोधमोहिमांनाही यश आले नाही. ते जनित्र आजतागायत सापडलेले नाही.

१६/
दुसरे यंत्र १९६७ मध्ये शेजारच्या नंदाकोटवर (६,८६१ मीटर) बसवले गेले. ते काही काळ चालले, पण बर्फाने त्याला गाडून टाकले आणि संदेश बंद पडले. ते काढायला गेलेल्यांना एक चमत्कारिक दृश्य दिसल्याचे वर्णन आहे : जनित्राच्या उष्णतेने भोवतालचे बर्फ वितळून घुमटासारखी पोकळी झाली होती आणि यंत्र त्या पोकळीत बसले होते. म्हणजे ऊब मिळाली, तरी डोळा मिटलाच. थंडीविरुद्धची लढाई जिंकूनही बर्फाच्या भाराविरुद्धची हरता येते.

१७/
हाच धडा भारताला दक्षिण ध्रुवखंडावरही मिळाला. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. पुढे १९८३-८४ मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे हिमपट्टीवर उभे राहिले. साचत जाणाऱ्या बर्फाखाली ते हळूहळू गाडले गेले आणि १९९० मध्ये निवृत्त करावे लागले. त्यानंतरचे ‘मैत्री’ मात्र उघड्या खडकाळ भूमीवर उभारले गेले. वास्तू असो की कॅमेरा, बर्फाळ प्रदेशात पहिला निर्णय यंत्राचा नसतो, जागेचा असतो : वारा बर्फ कोठे साठवतो आणि कोठून उडवून नेतो, हे आधी पाहावे लागते.

१८/
नंदादेवीचे रहस्य १९७८ मध्ये एका अमेरिकी मासिकाने फोडले. एप्रिल महिन्यात पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत निवेदन करून मोहिमेची कबुली दिली. मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री असलेल्या देसाईंना तेव्हा गंगेच्या पाण्याविषयी लोकांची भीती शमवावी लागली. कारण नंदादेवीचे पाणी ऋषिगंगा, धौलीगंगा आणि अलकनंदा यांमधून गंगेलाच मिळते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला प्रलयंकारी पूर आला, तेव्हा रैणी गावातील लोकांच्या मनात याच यंत्राची शंका आली. शास्त्रीय अभ्यासांनी पुराचे कारण रोंती शिखराखालील खडक व बर्फाचा प्रचंड भाग कोसळणे हेच असल्याचे दाखवले. पण छप्पन्न वर्षांनंतरही लोकांना तीच आठवण व्हावी, यातच त्या गुप्ततेची किंमत दिसते.

१९/
थंडीत डोळा मिटला तर काय होते, याचे उत्तर १९९९ मध्ये मिळाले. कारगिल क्षेत्रातील अनेक उंच चौक्या हिवाळ्यात सोडून खाली येण्याची आणि उन्हाळ्यात परत जाण्याची जुनी रीत होती. मधल्या काळात भिस्त हेलिकॉप्टरमधून होणाऱ्या हिवाळी टेहळणीवर होती. त्याच पोकळीत पाकिस्तानी सैन्य शिखरांवर येऊन बसले. ३ मे रोजी बटालिक भागात हरवलेला याक शोधणाऱ्या ताशी नामग्याल या मेंढपाळाला दुर्बिणीतून अनोळखी माणसे दिसली आणि त्याने जवळच्या लष्करी ठाण्याला खबर दिली.

२०/
जे हवाई टेहळणीला दिसले नाही, ते एका मेंढपाळाला दिसले. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कारगिल पुनरावलोकन समितीने हिवाळी टेहळणीच्या मर्यादा नोंदवल्या आणि मानवरहित विमाने व उपग्रह-प्रतिमा यांची गरज अधोरेखित केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. शिखरे परत घेताना ५२७ भारतीय सैनिकांना वीरमरण आले. एका हिवाळ्यापुरत्या मिटलेल्या नजरेचा हा हिशेब आहे.

२१/
नजर मिटू द्यायची नाही तर माणसाला तेथेच राहावे लागते. सियाचिनवर १३ एप्रिल १९८४ पासून हेच चालू आहे. तेथे ऊब म्हणजे रॉकेलची बुखारी, आणि रॉकेल म्हणजे हेलिकॉप्टरची फेरी. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर हिमस्खलन झाले आणि १० जवान गेले. त्यांत एक आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा होता. माणदेशातील दुष्काळी माळरानावरचा मुलगा जवळजवळ २०,००० फुटांवर बर्फाखाली जातो, तेव्हा कॅमेऱ्याला थंडीपासून कसे वाचवावे हा प्रश्न केवळ यंत्रतज्ज्ञांचा राहत नाही. जो कॅमेरा तेथे टिकतो, तो एका माणसाला गस्तीच्या एखाद्या फेरीतून तरी वाचवतो.

२२/
आता आजचा कॅमेरा कसा टिकवतात ते पाहू. मूळ सूत्र घोंगडीचेच : कवच वेगळे, ऊब वेगळी. कवच म्हणजे हवाबंद पेटी, आत ओल शोषणारे सिलिका जेल, हवेचा दाब समतोल राखणारी पण पाणी आत न येऊ देणारी पातळ झडप, थंडीत लवचीक राहणाऱ्या सिलिकॉन वेष्टनाच्या तारा आणि भिंगावर पुढे आलेली पडवी. ऊब म्हणजे तापमान घसरताच आपोआप सुरू होणारा छोटा हीटर. पुढच्या काचेवर वीजवाहक पदार्थाचा पारदर्शक थर, जो तापला की हिम धरत नाही. वीज जाऊन परत आली तर आधी हीटर चालतो आणि आतील भाग पुरेसे तापल्यावरच कॅमेरा जागा होतो. गोठलेल्या यंत्राला एकदम धावायला लावायचे नाही, हा त्यामागील विचार.

२३/
यातील खर्चाची बाजू मात्र बहुधा लक्षात येत नाही. अशा व्यवस्थेत अनेकदा कॅमेऱ्यापेक्षा हीटरच अधिक वीज खातो. सौरपट्टी लावली तर हिवाळ्यात दिवस लहान. पट्टी जवळजवळ उभी बसवली नाही तर तिच्यावर बर्फ साचते. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली भारली तर आत धातूचा थर बसून ती कायमची बिघडते. म्हणून तिलाही आवरणात आणि उबेत ठेवावे लागते. शरीराची उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी : ती किरणे साध्या काचेतून पार होत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे जर्मेनियम या महागड्या मूलद्रव्याची खिडकी बसवतात. थंडीत पाहणे अजूनही स्वस्त झालेले नाही.

२४/
काही ठिकाणी मात्र थंडीलाच कामाला लावले आहे. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर २००० सालापासून ‘हिमालयन चंद्र’ ही दोन मीटर व्यासाची दुर्बीण आकाश पाहते. तिच्या कॅमेऱ्याला द्रवरूप नायट्रोजन वापरून बाहेरच्या हवेहूनही कितीतरी थंड ठेवतात, म्हणजे फिकट तारा खोट्या संकेतांत हरवत नाही. तिचे नियंत्रण कर्नाटकातील होसकोटेहून होते. २०१८ मध्ये त्याच परिसरात आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ‘ग्रोथ-इंडिया’ ही स्वयंचलित दुर्बीण सुरू झाली. डोळा लडाखच्या थंडीत आणि पाहणारा पवईच्या उकाड्यात, अशी ही रचना.

२५/
हिमबिबट्यांच्या गणनेतही हेच कसब लागले. २०१९ ते २०२३ या काळात देशाच्या हिमालयी पट्ट्यात १,९७१ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले गेले. त्यांत २४१ वेगवेगळे हिमबिबटे ओळखता आले आणि एकूण संख्या ७१८ असल्याचा अंदाज निघाला. चँपियनच्या ताणलेल्या तारेची जागा आता प्राण्याच्या देहाची उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाने घेतली आहे. पण आकडेवारीच्या मागे एक साधी गोष्ट आहे : यातील प्रत्येक कॅमेरा कोणीतरी पायी चढून बसवला, आणि कोणीतरी पुन्हा चढून उतरवला.

२६/
येथे सगळे धागे एकत्र येतात. शेतातील माळ्यापासून हानलेपर्यंत तंत्र बदलत गेले आणि पाहणारा हळूहळू थंडीपासून दूर सरकला. ही प्रगती खरी आहे. तिने जीव वाचवले आहेत. पण ऊब कधी आपोआप आली नाही. ती कोणीतरी वाहून नेली : कधी देहात, कधी रॉकेलच्या डब्यात, कधी प्लुटोनियमच्या पेटीत. वाहणारा बहुधा गावकुसाबाहेरचाच राहिला. नंदादेवीच्या मोहिमेचे नेते, हेर, पंतप्रधान यांची नावे आपल्याला पाठ होतात. ‘उबदार’ ओझ्यासाठी चढाओढ करणारे शेर्पा बहुतेक कथनांत ‘शेर्पा’ एवढेच राहतात. ते किरणोत्सर्गाची जोखीम घेत आहेत हे त्यांना सांगणे, हा त्यांचा साधा हक्क होता.

२७/
चोखोबांचे नाव उरले, कारण त्यांनी अभंग रचले आणि वारकऱ्यांनी ते गात ठेवले. त्याच ढिगाऱ्याखाली गेलेल्या इतर मजुरांची नावे उरली नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम येथून सुरू होते. यंत्र किती अंशांपर्यंत चालते हे त्याच्या खोक्यावर छापलेले असते. ते चालू ठेवणाऱ्याने किती सोसले, हे मात्र शोधावे लागते.

२८/
म्हणून या धाग्याच्या शेवटी एक विनंती. आपल्या गावात येसकर, जागल्या, रामोशी किंवा रानाचे राखणदार कोण होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. वतनाचा एखादा कागद, थंडीत गस्त कशी घालत याची एखादी आठवण, पेटीत पडलेली एखादी जुनी घोंगडी, जे सापडेल ते सन आणि गावाच्या नावासह लिहून ठेवा. लिहिताना पहारा कोणाच्या मालकीचा होता एवढ्यावर थांबू नका. तो कोणी केला, त्याचे नावही लिहा.